शाफ्ट परत त्याच जागी का तुटतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मशिनचे पार्ट वर्षानुवर्षं नीट चालतात आणि मग एक दिवस काही जास्तीचा लोड नसताना तुटतात, त्याबद्दल म्हणजे हाय सायकल फटीगबद्दल (छोटा लोड लाखो-कोट्यवधी वेळा, म्हणजे तेवढे सायकल, येऊन धातूला क्रॅक जाणं) मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आणि तुटलेल्या पार्टचे फोटो आलेत. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, ज्याचा इतरांनाही उपयोग होईल असे प्रश्न घेतलेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या मशिनच्या नावाने अजून कितीतरी जणांनी विचारलाय.

ताई नमस्कार. आमची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. ब्लोअरचा शाफ्ट बेल्टच्या बाजूला, बेरिंगला लागून जी स्टेप आहे तिथे तुटतोय, ६० मिमीचा जिथे ५० होतो तिथे. मशिनबरोबर आलेला शाफ्ट नऊ वर्षं चालला. बेरिंगची सीट झिजली म्हणून टर्नरकडून ईएन ८ या साध्या स्टीलमध्ये नवीन करून घेतला तो आठ महिन्यांत गेला. मग चांगलं मटेरियल म्हणून ईएन २४ हे जास्त ताकदीचं स्टील टाकलं तर ते पाचच महिन्यांत तुटलं. टर्नर म्हणतो माल खराब आला, आतून दाणेदार आहे. ब्लोअरचा स्पीड १४४०, दोन शिफ्ट चालतो. शाफ्ट जाड करू का? फोटो पाठवलाय.

दादा, फोटो छान काढलाय त्यामुळे बरंच कळलं. मालाला दोष देण्याआधी ते तुटलेलं तोंड उन्हात तिरकं धरून परत बघा. कडेने, सगळ्या परिघावरून आत जाणाऱ्या बारीक बारीक पायऱ्या दिसतील. शेजारशेजारचे दोन क्रॅक जरा वरखाली सुरू झाले आणि पुढे जाऊन एकमेकांना मिळाले की मध्ये अशी पायरी राहते, म्हणजे तुमचा क्रॅक एका जागी सुरू झालेला नाहीये, स्टेपच्या कोपऱ्यात चहूबाजूंनी सुरू झालाय. त्याच्या आत घासून गुळगुळीत झाल्यासारखा भाग आहे, त्यावर वाकड्या रेषा आहेत, मशिन बंद-चालू झालं, लोड कमी-जास्त झाला की क्रॅक थांबत-सरकत जातो त्याच्या त्या खुणा. आणि मध्याच्या थोडा बाजूला जो खडबडीत, चमचमणारा डाग आहे तो शेवटच्या झटक्यात तुटलेला भाग. टर्नर ज्याला दाणेदार माल म्हणतोय तो हाच.

आता तो डाग मोजा. फोटोवरून तरी तो अख्ख्या छेदाच्या दहाव्या भागाएवढाही वाटत नाही. म्हणजे शाफ्ट नव्वद टक्के कापला गेला होता आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर तुमचा ब्लोअर आरामात फिरत होता! ज्या शाफ्टचं दहा टक्क्यांत भागतं त्याला ताकद कमी पडली असं कसं म्हणायचं? तेव्हा अजून ताकदीचं मटेरियल हे उत्तर नाहीच.

मग काय झालं? बेल्ट शाफ्टला कायम एकाच बाजूला ओढतो पण शाफ्ट फिरतो, त्यामुळे स्टेपवरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. १४४० स्पीडने सोळा तास म्हणजे दिवसाला जवळपास १४ लाख वेळा, महिन्याचे २५ दिवस धरले तर आठ महिन्यांत २७ कोटींच्या वर. इतक्या वेळा होणारी गोष्ट असेल तर तिथला ताण थोडा जरी मर्यादेबाहेर गेला तरी पुरतो. आणि तो वाढवलाय कोपऱ्याने. तुमच्या फोटोत स्टेपचा कोपरा काटकोनात कापलाय, टूलची टोकदार नोक जिथे थांबली तिथेच शाफ्ट तुटलाय. ५० मिमीच्या शाफ्टला कोपऱ्यात ०.३ मिमीचा रेडियस (गोलाई) ठेवला तर तिथला ताण हिशोबाच्या जवळपास तिप्पट होतो, तोच रेडियस ३ मिमी केला तर पावणेदोन-दोन पटीच्या आत येतो. शाफ्ट जाड करायचं विचारताय तर ५० चा ५५ केला की ताण साधारण पाऊणपट होतो, पण त्यासाठी बेरिंग बदला, पुलीचं बोअर बदला, ब्लॉक बदला. एका रेडियसने त्यापेक्षा जास्त फरक पडतो, आणि त्याला फक्त टूल नीट घासून आणायला लागतं.

ईएन २४ आधी का तुटलं, हेही याच्यातच आहे. जास्त ताकदीचं स्टील गुळगुळीत सॅम्पलवर खूपच सरस ठरतं पण खाच, कोपरा, टूलची रेघ याला ते जास्त हळवं असतं, त्यामुळे काटकोनी कोपऱ्यात त्याच्या जास्तीच्या ताकदीतला थोडाच भाग हाती लागतो. त्यात दुसऱ्या वेळी बेल्ट नवीन घालून कचकून ताणला असेल तर पाच महिने लागले यात मला नवल वाटत नाही. बेल्टचा ताण बघाच, आणि पुली बेरिंगपासून किती लांब आहे तेही, जितकी लांब तितका शाफ्ट जास्त वाकतो, जागा असेल तर आत सरकवा.

एक अडचण येईल ती आधीच सांगते. ३ मिमी रेडियस दिला की बेरिंगची आतली रिंग स्टेपला नीट टेकणार नाही, तिचा स्वतःचा कोपरा त्याहून लहान असतो, आणि बहुतेक टर्नर याच कारणाने कोपरा काटकोनी ठेवतात. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक स्पेसर रिंग टाकायची, तिच्या आतल्या कडेला शाफ्टच्या रेडियसला न लागेल असा चॅम्फर (तिरका काप) द्यायचा, मग बेरिंग रिंगला टेकतं आणि रेडियस मोकळा राहतो. जुना शाफ्ट अजून भंगारात गेला नसेल तर त्याची स्टेप बघा, नऊ वर्षं चाललेल्या शाफ्टवर बहुतेक असंच काहीतरी सापडेल. फिनिशिंगला शेवटचा पॉलिश पेपर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवून घ्या, गोल रेघा राहू देऊ नका. त्या भागावर नंबर पंच करू नका. आणि झिजलेली सीट वेल्डिंगने भरून परत टर्न करायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, ईएन ८ काय आणि ईएन २४ काय, वेल्डिंगच्या शेजारी कडक पट्टा तयार होतो आणि आत ओढ राहते, फिरत्या शाफ्टला याहून वाईट काही नाही.

अजून एक, सगळ्यांसाठीच. तुटलेले दोन तुकडे बसतात का म्हणून एकमेकांवर घासून बघू नका, वायर ब्रश मारू नका, थोडं पातळ तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. तुटण्याची सगळी हकिकत त्या तोंडावर असते आणि आपल्याकडे ती पहिल्या पाच मिनिटांत पुसली जाते, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तेच हाय सायकल फटीग का? आणि स्टीलला एंड्युरन्स लिमिट असते, त्याच्या खाली ते कधीच तुटत नाही असं शिकवलंय, ते शंभर टक्के खरं आहे का?

तार वाकवतोस तेव्हा ती वाकलेलीच राहते, म्हणजे दर वेळी सगळा जाडीभर धातू कायमचा ताणला जातोय, त्यामुळे दहा-वीस वेळात काम संपतं. ते लो सायकल. हाय सायकलमध्ये बाहेरून बघितलं तर सगळं इलॅस्टिक असतं, लोड काढला की पार्ट जसाच्या तसा, कुठलंही मोजमाप बदललेलं नाही. दोघांमधली हद्द साधारण दहा हजार ते एक लाख सायकलच्या मध्ये धरतात, ती काही आखलेली रेघ नाहीये. पण पृष्ठभागावरचा एखादा कण, ज्याची ठेवण नेमकी चुकीच्या दिशेने आहे, तो एकटा आतल्या आत घसरत असतो. युइंग आणि हम्फ्री या संशोधकांनी १९०३ मध्ये स्वीडिश लोखंडाचा पॉलिश केलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली घेऊन हे दाखवलं, काही कणांवर आधी बारीक रेघा येतात, सायकल वाढतील तशा त्या दाट आणि रुंद होतात आणि त्यातलीच एखादी पुढे क्रॅक होते. गुळगुळीत सॅम्पलमध्ये आयुष्याचा मोठा भाग या पहिल्या टप्प्यातच जातो, क्रॅक दिसेपर्यंत आयुष्य जवळपास संपलेलं असतं. म्हणून तर या विषयात पृष्ठभागाला एवढं महत्त्व आहे, शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा), नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं), क्रँकशाफ्टच्या रेडियसवर रोलर दाबून फिरवणं हे सगळं त्या वरच्या पातळ थरासाठीच, तिथे दाब कोंडून ठेवला की क्रॅकला उघडायला जागा मिळत नाही.

लिमिटबद्दल. साध्या स्टीलला पॉलिश केलेल्या सॅम्पलवर टेन्साइल ताकदीच्या (सरळ ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या) साधारण निम्म्यावर ती मिळते आणि एक कोटी सायकलपर्यंत टिकलं तर पास म्हणायची पद्धत आहे. हा आकडा परीक्षेत लिही पण डिझाइनमध्ये तसाच वापरू नकोस, साइझ, फिनिश, खाच, गंज सगळ्याने तो खाली येतो, गंजणाऱ्या वातावरणात तर लिमिट नावाची गोष्टच राहत नाही. ॲल्युमिनियमला अशी लिमिट मुळातच नसते, सायकल वाढतील तसा टिकणाऱ्या ताणाचा कर्व्ह खाली उतरतच राहतो, म्हणून त्याची ताकद सांगताना ५० कोटी सायकलला इतकी असं सांगायचा रिवाज आहे.

आणि कडक, जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये एक कोटीच्या पुढेही तुटतं हे आता पक्कं झालंय. ते आधी कळलं नाही याचं कारण वेळ, ५० हर्ट्झच्या मशिनवर हजार कोटी सायकल करायला सहा वर्षांच्या वर लागतात. २० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक मशिनवर तेवढेच सायकल, सॅम्पल थंड करायला मध्ये न थांबता चालवलं तर, सहा दिवसांत होतात. अशा सॅम्पलमध्ये क्रॅक पृष्ठभागावर नाही तर आत एखाद्या ऑक्साइडच्या कणाभोवती सुरू झालेला दिसतो, भोवती गोल चकती आणि मध्ये तो कण. म्हणून बेरिंगच्या स्टीलच्या स्वच्छतेवर एवढा खर्च करतात. तुमच्या लॅबमध्ये रोटेटिंग बेंडिंगचं (वाकवलेला तुकडा फिरवत ठेवणारं) मशिन असेल तर एकाच बारचे पाच-सहा तुकडे एकाच लोडवर लावून बघ, आयुष्यात कित्येक पटींचा फरक येईल, पुस्तकातल्या त्या एका रेघेच्या आजूबाजूला किती ठिपके पसरलेले असतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे.

मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर झालोय. आमच्या वेळी चाकावर हातोडा मारून आवाज ऐकायचे, मग ॲक्सलला अल्ट्रासॉनिक आलं. हातोड्याने खरंच काही कळायचं का, आणि हे ॲक्सलचं प्रकरण मुळात सुरू कुठे झालं?

काका, हा सगळा विषयच तुमच्या रेल्वेतून आलाय! ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, मागचे डबे त्यावर चढले, आग लागली, आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी लोक म्हणायचे की धक्क्यांनी लोखंड हळूहळू दाणेदार होतं आणि म्हणून तुटतं, म्हणजे वरच्या पत्रातला टर्नर जे म्हणतोय तेच, पावणेदोनशे वर्षं झाली तरी ती समजूत गेलेली नाही. रँकिन हा स्कॉटिश इंजिनिअर तेव्हा अगदी तरुण होता, त्याने तुटलेले ॲक्सल बघून १८४३ मध्ये दाखवलं की लोखंड आतून तसंच तंतुमय असतं, तडा जर्नलच्या (बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) खांद्याच्या धारदार कोपऱ्यातून सुरू होऊन आत सरकत जातो, तेव्हा खांद्याला गोलाई द्या. पुढे प्रशियातल्या रेल्वेत ऑगस्ट व्योलर याने १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत प्रयोग केले, आधी चालत्या गाडीतल्या ॲक्सलवर नेमका किती ताण येतो ते मोजलं, मग नमुने मशिनवर फिरवून फिरवून तोडले. सगळ्यात मोठा ताण किती यापेक्षा तो किती वर-खाली होतो याला महत्त्व आहे, हे त्याचं सांगणं. आज कॉलेजात एस-एन कर्व्ह (किती ताणाला किती सायकल टिकतं त्याचा आलेख) काढतात ते त्याच्याच कामातून आलंय.

तुमच्या डब्याचं नवीन चाक ९१५ मिमीचं, म्हणजे किलोमीटरला जवळपास ३४८ फेरे. मुंबई-नागपूर एका खेपेत ॲक्सल तीन लाखांच्या आसपास वेळा उलटसुलट वाकतो, अशा पस्तीस खेपा झाल्या की एक कोटी सायकल पुरे, आणि ॲक्सल तर वर्षानुवर्षं चालतो. हातोड्याने सैल झालेलं किंवा मोठा तडा गेलेलं चाक कळायचं, आवाज बद्द यायचा, अनुभवी कानाला ते नक्की कळायचं. पण ॲक्सलला धोका असतो तो चाकाच्या हबखाली, जिथे चाक दाबून बसवलेलं असतं. दर फेऱ्याला ॲक्सल वाकतो तेव्हा हबच्या कडेखाली अगदी बारीक, मायक्रॉनमध्ये मोजावी अशी घसपट होते, लालसर भुकटी पडते आणि तिथे क्रॅक सुरू होतो. तो वरून दिसत नाही, हातोड्याला ऐकू येत नाही, चाक न उतरवता तो शोधायचा तर ॲक्सलच्या टोकातून अल्ट्रासॉनिक लहर आत सोडून परत येणारा इको बघणं हाच मार्ग. ती टेस्ट घेणाऱ्या माणसाच्या एका सहीवर किती जीव असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ताई, आमच्या दोन ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या आहेत, माळेगावजवळ. चेसीच्या चॅनेलला दर सीझनला क्रॅक जातो. वेल्डिंगवाला वर पट्टी मारून देतो, पुढच्या सीझनला पट्टीच्या टोकाशी क्रॅक. जाड पट्टी मारायची का? की चांगल्या लोखंडाची चेसी करून घ्यायची?

ताई, दोन्ही नको. पट्टीच्या टोकाशी क्रॅक जातोय यातच उत्तर आहे. पट्टीमुळे तेवढा भाग एकदम ताठ होतो आणि जिथे ती संपते तिथे सगळं वाकणं गोळा होतं, आणि नेमकं तिथेच आडवं वेल्डिंग असतं. वेल्डिंगची कड जिथे चॅनेलला मिळते तिथे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक खाचा राहतातच, त्यामुळे क्रॅक सुरू होण्याचा वेळ लागतच नाही, तो जवळपास पहिल्या दिवसापासून तयार असतो. म्हणून जोडाचं आयुष्य लोखंडाच्या ग्रेडवर फारसं अवलंबून नसतं, महागाचं लोखंड आणून त्यावर तसंच वेल्डिंग केलं तर पैसे वाया. जाड पट्टी मारली तर टोकाशी अजून वाईट.

वेल्डिंगवाल्याला असं सांगा. आधी क्रॅकचं खरं टोक शोधायचं, रंग खरवडून डाय पेनिट्रंट (क्रॅकमध्ये शिरून तो दाखवणारा रंगीत द्राव) मारलं तर चांगलं, दिसतो त्याच्या थोडा पुढे तो गेलेला असतो. टोकाला ड्रिलने भोक पाडायचं, मग सगळा क्रॅक ग्राइंडरने खणून काढून तळापासून भरायचा, वरवर लिंपायचा नाही. भरलेलं वेल्डिंग चॅनेलच्या बरोबरीला घासून घ्यायचं, घासण्याच्या रेघा चॅनेलच्या लांबीच्या दिशेने. पट्टी लागलीच तर ती चॅनेलच्या उभ्या बाजूवर, वरच्या-खालच्या फ्लँजच्या (चॅनेलच्या आडव्या बाजूंच्या) कडेपर्यंत न नेता, टोकं निमुळती करून, आणि फ्लँजवर आडवी वेल्डिंगची रेघ अजिबात नको. साखळीचा हुक, दिव्याची पट्टी, नंबर प्लेटचा ब्रॅकेट असलं काहीबाही खालच्या फ्लँजला वेल्ड केलेलं असतं ना, ते पण काढून बोल्टने उभ्या बाजूला घ्या.

हे ब्रॅकेटचं मी उगाच सांगत नाहीये. नॉर्थ सीमध्ये अलेक्झांडर किलँड नावाचं पाच पायांचं तरंगतं प्लॅटफॉर्म होतं, कामगारांच्या राहण्यासाठी वापरलेलं. २७ मार्च १९८० ला वादळात त्याचा एक पाय निखळला आणि ते उलटलं, २१२ माणसांतली १२३ गेली. चौकशीत काय सापडलं, तर एका आडव्या नळीवर पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र बसवायला एक छोटा फिटिंग वेल्ड केला होता, ६ मिमीचं फिलेट (कोपऱ्यात भरलेलं) वेल्डिंग. त्याला कोणी महत्त्वाचं मानलंच नव्हतं. तिथून क्रॅक सुरू होऊन नळीभोवती फिरला आणि नळी तुटली, मग बाकीच्या नळ्यांना लोड झेपला नाही. क्रॅकच्या आत रंग सापडला, म्हणजे प्लॅटफॉर्म बांधून रंगवला तेव्हाच तडा होता. एवढ्या मोठ्या सांगाड्यात सगळ्यात बिनकामाचं वेल्डिंग त्याला घेऊन बुडालं.

मी चंद्रपूरला पॉवर स्टेशनमध्ये नोकरीला आहे. टर्बाइनच्या ब्लेडवर वाफेचा लोड तर ठरलेला असतो, मग ब्लेड फटीगने का तुटतात?

सरासरी लोड ठरलेला असतो, पण ब्लेड थरथरत असतं. पुढच्या स्थिर ब्लेडच्या फटींतून वाफ येते, त्यामुळे फिरणाऱ्या ब्लेडला प्रत्येक फेऱ्यात ठरावीक टोले बसतात, आणि त्या टोल्यांची फ्रिक्वेन्सी ब्लेडच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळली की हलणं कितीतरी पटींनी वाढतं. तुमचा ३००० स्पीडचा, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेणारा रोटर ग्रिडला बांधलेला, म्हणून डिझाइनवाला ब्लेडची फ्रिक्वेन्सी ५० च्या पटींपासून लांब ठेवतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी खाली-वर गेली की हे अंतर कमी होतं, शेवटच्या स्टेजच्या लांब ब्लेडमध्ये तर ते आधीच थोडं असतं. पूर्वी आपल्याकडे ग्रिड किती हलायचं ते जुन्या लोकांना विचारा. शंभर हर्ट्झने थरथरणाऱ्या ब्लेडला एक कोटी सायकल करायला अठ्ठावीस तास पुरतात, त्यामुळे इथे चुकलं तर दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

उत्तर प्रदेशात नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या युनिटच्या लो प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या स्टेजची दोन ब्लेड फटीगने तुटली. रोटरचा बॅलन्स गेला, प्रचंड व्हायब्रेशन, जनरेटरचे सील गेले, जनरेटर थंड ठेवणारा आतला हायड्रोजन बाहेर येऊन पेटला, आग केबलमधून पसरली आणि स्टेशन सतराएक तास बिनविजेचं होतं. रिॲक्टर ऑपरेटरनी लगेच बंद केला होता, डिझेल पंपांवर पाणी चालू ठेवून त्यांनी तो सांभाळला, किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. जपानमध्ये मोंजू रिॲक्टरला ८ डिसेंबर १९९५ ला सोडियम गळून आग लागली तीही अशीच, पाइपमध्ये घुसवलेली थर्मामीटरची नळी प्रवाहामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांनी थरथरून तुटली होती, आणि तुटली कुठे तर जिथे तिचा व्यास एकदम कमी होत होता त्या धारदार स्टेपवर. शिरोलीच्या शाफ्टसारखीच.

क्रशरच्या मोटरच्या बेसचे बोल्ट सारखे तुटतात. ८.८ ग्रेडऐवजी जास्त ताकदीचे १२.९ टाकू?

ग्रेड नंतर, आधी आवळणं बघा. बोल्ट पुरेसा आवळलेला असेल तर दोन प्लेटा एकमेकींवर दाबलेल्या राहतात आणि बाहेरून येणाऱ्या धक्क्याचा थोडासाच भाग बोल्टला जाणवतो. सैल असेल तर सगळाच. १२.९ चा बोल्ट ८.८ एवढाच आवळून ठेवला तर फटीगला काही फायदा नाही. बेसवरचा रंग आणि धूळ साफ करा, प्लेट सगळीकडून टेकते का ते फीलर गेजने बघा, टॉर्क रेंचने आवळा, दोन-चार तास चालवून परत एकदा आवळा. आटे कापलेले नकोत, रोल केलेले घ्या. एक तुटला असेल तर चारही बदला, बाकीच्यांनीही तेवढेच सायकल खाल्लेत.